हातभर लांब शब्द

१६०१ साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात एका कवीला भर रंगमंचावर वांतीचे औषध देण्यात आले. नाटक बेन जॉन्सनचे, नाव 'पोएटास्टर', म्हणजे आपल्याकडे ज्याला कवडा म्हणतात तो. प्रसंग रोमचा, सम्राट ऑगस्टसच्या दरबारातला. क्रिस्पिनस नावाच्या या कवड्यावर बदनामीचा आरोप शाबीत झाला आहे. त्याला गोळ्या चारतात, समोर तस्त धरतात आणि तो कळवळून ओकू लागतो. तस्तात पडतात ते शब्द. आधी 'रेट्रोग्रेड', 'रेसिप्रोकल', 'इन्क्युबस'. मग 'ग्लिबरी', 'लुब्रिकल', 'डिफंक्ट'. भोवतीची मंडळी प्रत्येक शब्दावर शेरे मारतात, आत अजून काही अडकले आहे का याची चौकशी करतात. 'टर्जिडस' येतो, 'ऑब्लॅट्रंट' येतो, 'कॉन्शस' येतो. पोट रिकामे झाल्यावर महाकवी व्हर्जिल त्याला पथ्य सांगतो, कोणते लेखक वाचायचे आणि कोणते टाळायचे. हे सगळे करणारे नट म्हणजे मिसरूडही न फुटलेली मुले होती, कारण ब्लॅकफ्रायर्सला तेव्हा बालनटांची कंपनी खेळ करत असे.

क्रिस्पिनस म्हणजे जॉन मार्स्टन हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. मार्स्टन हा जॉन्सनचा प्रतिस्पर्धी नाटककार; तस्तातले बरेचसे शब्द त्याच्याच लिखाणातून उचललेले होते. दोघांचे पुढे मिटलेही. १६०४ मध्ये छापलेले आपले 'द मालकंटेंट' हे नाटक मार्स्टनने जॉन्सनलाच अर्पण केले.

आज ते तस्त पुन्हा तपासले तर जॉन्सनची फजिती होते. 'ऑब्लॅट्रंट' म्हणजे अंगावर भुंकणारा. हा शब्द मेला. 'टर्जिडस' गेला, 'ग्लिबरी' गेला, 'प्रोरम्प्ट' म्हणजे उसळून बाहेर पडलेला, तोही गेला. पण 'कॉन्शस'? 'स्ट्रेन्युअस'? 'रेसिप्रोकल', 'स्प्युरियस', 'डिफंक्ट'? यांच्याशिवाय आजच्या इंग्रजी वर्तमानपत्राचा एक दिवस जायचा नाही. आणि याच ओकारीत 'क्लम्झी' आहे. चार वर्षांच्या इंग्रज मुलाला येणारा शब्द जॉन्सनसारख्या पंडिताला ओकून टाकण्याच्या लायकीचा वाटला होता. कोणता शब्द टिकेल आणि कोणता मरेल हे भाषेच्या जाणकाराला सांगता येत नाही, त्यातही समकालीन जाणकाराला तर मुळीच नाही.

क्रिस्पिनसला गोळ्या देणारा वैद्य कोण, तर रोमन कवी होरेस. जॉन्सनने हे पात्र सहज निवडलेले नव्हते. फुगीर शब्दांची टर उडवताना होरेसने आपल्या काव्यशास्त्रावरच्या पत्रकाव्यात त्यांना दीड फुटी शब्द म्हटले होते. त्या लॅटिन विशेषणावरूनच इंग्रजीत 'सेस्क्विपीडेलियन' आला. अर्थ, लांबलचक शब्द किंवा असे शब्द वापरायची खोड असलेला माणूस. रोमन दीड फूट म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे आपला बरोबर एक हात. हातभर लांब शब्द, असे मराठीत म्हटले तर होरेसच्या मापात तसूभरही फरक पडत नाही.

इंग्रजीत हे हातभर शब्द आले कुठून, याचे उत्तर सोळाव्या शतकातल्या न्यूनगंडात आहे. तोवर विद्येची भाषा लॅटिन. वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र इंग्रजीत लिहायला घेतले की शब्द अपुरे पडत. मग लेखक लॅटिन शब्द उचलत, त्याचे शेपूट कापून इंग्रजी शेपूट लावत आणि वापरून मोकळे होत. या शब्दांना 'इंकहॉर्न' शब्द म्हणत. शिंगाच्या दौतीतून निघालेले, जिभेवरून न आलेले, असा त्यातला टोमणा. टॉमस विल्सन याने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक नमुनापत्रच हसण्यासाठी छापले. सर जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक दुसऱ्या टोकाला गेला. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने परके शब्द कटाक्षाने टाळले. शंभर शिपायांवरच्या रोमन अधिकाऱ्याला 'सेंच्युरियन' न म्हणता 'हंड्रेडर' म्हटले, वेड्याला 'ल्युनॅटिक' न म्हणता 'मून्ड'. ल्युना म्हणजे चंद्र, म्हणून चंद्राने झपाटलेला तो मून्ड. शब्द गोड आहे, पण चालला नाही. भाषाशुद्धीच्या टाकसाळीतून निघालेली सगळीच नाणी खपत नाहीत. सावरकरांचा 'महापौर' आज प्रत्येक बातमीत असतो. त्यांच्याच यादीतले कितीतरी शब्द यादीतच राहिले.

आता या गोंधळात वाचकाचे काय झाले असेल ते पाहा. पुस्तके छापली जात होती, विकत घेणारे वाढत होते, पण जे लॅटिन शिकले नव्हते त्यांना पानोपानी अडखळायला होत होते. यातूनच पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश जन्माला आला. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या पाद्रीपद गमावलेल्या शाळामास्तराने 'अ टेबल अल्फाबेटिकल' छापला. सुमारे अडीच हजार शब्द, प्रत्येकापुढे दोन-चार शब्दांत अर्थ. पुस्तक सभ्य स्त्रिया आणि इतर अडाणी लोकांसाठी आहे असे त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकले. त्या काळी मुलींना लॅटिनच्या शाळेत प्रवेश नव्हता, तेव्हा अडाणीपणा कोणी लादला होता हे वेगळे सांगायला नको. या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

यात घर, पाणी, भाकरी असले शब्द नाहीत. इंग्रजी कोशाची परंपरा सुरू झाली ती फक्त कठीण शब्दांपासून. रोजचे शब्द कोशात घ्यावेत ही कल्पना रुजायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. आणि कठीण शब्द हाच माल ठरल्यावर दुकानदार माल वाढवणारच.

हेन्री कॉकरम याने १६२३ मध्ये तेच केले. त्याच्या 'इंग्लिश डिक्शनरी'च्या एका भागात कठीण शब्दांचे सोपे अर्थ आहेत, इथवर ठीक. दुसऱ्या भागात मात्र उलटे आहे. साधा शब्द शोधा, त्यापुढे भारदस्त शब्द मिळेल. ज्याला चार लोकांत विद्वान दिसायचे आहे त्याने आपले साधे वाक्य घ्यावे आणि एकेक शब्द बदलत जावा. माल कमी पडला की कॉकरम लॅटिन कोशातून शब्द उचलून त्यांना इंग्रजी पेहराव चढवी. 'बुबुल्सिटेट' हा त्यातला माझा आवडता. अर्थ, गुराख्यासारखे ओरडणे. हा शब्द कोणा इंग्रजाने कधी तोंडातून काढला असेल असे वाटत नाही. गुराख्याने तर नक्कीच नाही.

याच कोशात 'अॅप्रिसिटी' हा शब्द आहे. हिवाळ्यात अंगावर घेतलेल्या उन्हाची ऊब. लॅटिन 'अॅप्रिकस' म्हणजे उन्हातला, त्यावरून. कॉकरमनंतर हा शब्द जवळजवळ कोणी वापरलाच नाही. ऑक्सफर्डच्या कोशात त्याला आधार म्हणून कॉकरमच दाखवलेला असे. चारशे वर्षे पडून राहिलेला हा शब्द अलीकडे एकदम लोकांच्या दिनदर्शिकांवर, कपांवर, डिसेंबरातल्या फोटोंखाली दिसू लागला आहे. माल खोटा होता, पण गिऱ्हाईक शेवटी खरे निघाले.

कठीण शब्दांची ही हौस डॉक्टर जॉन्सनच्या (हा बेन जॉन्सन नव्हे) १७५५ च्या थोर कोशातही अधूनमधून डोके वर काढते. 'नेटवर्क' या साध्या शब्दाचा अर्थ देताना त्याने 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' या तिघांना एका वाक्यात बसवले आहे. जाळे म्हणजे काय हे ज्याला माहीत नव्हते तो हे वाचून जाळ्यात अडकलाच म्हणायचा.

पुढचा मोठा बदल ऑक्सफर्ड कोशाचा. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना निघाली, १८७९ पासून जेम्स मरे संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि शेवटचा १९२८ मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. पूर्ण झाला तेव्हा त्यात चार लाखांवर शब्द होते. या कोशाचे तत्त्व असे की, शब्द छापील पुराव्यासह एकदा आत आला की तो बाहेर जात नाही. मेला तर त्याच्या डोक्यावर खंजिराची छोटी खूण येते, पण जागा राहते. इंग्रजी ही जगातली सर्वांत श्रीमंत भाषा असे जे आपल्याकडे शाळेत सांगतात, त्यात या खंजीरवाल्यांचा मोठा वाटा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

कोश म्हणजे वेदवाक्य मानणाऱ्यांसाठी दोन भुतांच्या गोष्टी सांगून ठेवतो. वॉल्टर स्कीट या भाषाशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये 'घोस्ट वर्ड' ही संज्ञा काढली. छापखान्याच्या किंवा संपादकाच्या चुकीतून जन्मलेला, कधीच न बोलला गेलेला शब्द म्हणजे भूतशब्द. त्याने दिलेले एक उदाहरण आपल्याशी निगडित आहे. १८०८ च्या 'एडिंबरा रिव्ह्यू'त हिंदूंच्या भयंकर प्रथांचे वर्णन आले होते. काही जण आकड्यांना लटकतात, म्हणजे आपल्याकडचे बगाडच, आणि काही जण हातांतून 'काइम्स' आरपार खुपसतात. वाचणाऱ्यांना वाटले, काइम हे काहीतरी भीषण हिंदुस्थानी हत्यार असणार. प्रत्यक्षात तो 'नाइव्ह्ज' या शब्दाचा मुद्राराक्षस होता. साधा सुरा.

दुसरे भूत अमेरिकेतले. वेबस्टर कोशाच्या कचेरीत ३१ जुलै १९३१ रोजी रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी लिहिली. मोठा डी किंवा लहान डी हे अक्षर घनतेचे संक्षिप्त रूप आहे, एवढेच तिच्यात म्हणायचे होते. इंग्रजीत 'डी ऑर डी'. चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, अक्षरे जवळ सरकली आणि १९३४ च्या आवृत्तीत 'डॉर्ड' हा नवा शब्द छापून आला. अर्थ, घनता. उच्चारही दिलेला. १९३९ च्या फेब्रुवारीत एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा चोरी सापडली. तरी कोशाच्या प्रतींतून तो पूर्ण जायला आणखी काही वर्षे लागली.

पण सगळेच दुर्मीळ शब्द चुकीचे किंवा दिखाऊ नसतात. काही रागाच्या भरात नेमके एका माणसासाठी घडवलेले असतात, आणि त्या रागाची धार अजून बोथट झालेली नसते. 'अल्ट्राक्रेपिडेरियन' हा असा शब्द आहे. म्हणजे जे आपल्याला कळत नाही त्यावर मत देणारा. त्यामागची कथा रोमन लेखक प्लिनी सांगतो. ग्रीक चित्रकार अपेलीस आपली चित्रे रस्त्याच्या कडेला ठेवी आणि मागे लपून लोकांचे बोलणे ऐके. एकदा एका मोच्याने चित्रातल्या वहाणेत बंदाचे एक अडकवण कमी असल्याचे दाखवले. अपेलीसने रातोरात दुरुस्ती केली. आपले म्हणणे मानले गेले हे पाहून दुसऱ्या दिवशी मोची चित्रातल्या पायावर टीका करू लागला. तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि त्याने सुनावले की मोच्याने वहाणेच्या वर जाऊ नये. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे आणि 'क्रेपिडा' म्हणजे वहाण.

इंग्रजीत हा शब्द विल्यम हॅझलिट याने १८१९ मध्ये विल्यम गिफर्ड या समीक्षकाला उघड पत्र लिहून बहाल केला. गिफर्ड 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'चा संपादक, सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा, नव्या लेखकांना सोलून काढणारा. हॅझलिटचा राग समजण्यासारखा आहे. पण शब्दाच्या निवडीत एक विखार आहे. गिफर्ड पोरका होता आणि लहानपणी त्याला खरोखरच एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला बांधून टाकले होते. कागद विकत घ्यायला पैसे नसत. म्हणून तो चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करी आणि बोथट आरीने त्यांवर बीजगणिताची उदाहरणे सोडवी. पुढे कुक्स्ली नावाच्या एका स्थानिक शल्यवैद्याने वर्गणी काढून त्याची उमेदवारीतून सुटका केली आणि त्याला ऑक्सफर्डला जाता आले. हे सगळे गिफर्डने स्वतःच लिहून ठेवले होते, हॅझलिटने ते वाचले असणार, आणि तरी किंवा म्हणूनच त्याने वहाणेचा शब्द काढला. लोकशाहीची बाजू घेणारा हॅझलिट एका कारागिराला तू वहाणेपाशीच थांब म्हणतो आहे. शब्द चपखल आहे, घाव मात्र कमरेखालचा आहे. आज इंग्रजीत हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना चामड्यावरचे बीजगणित ठाऊक नसते, आणि त्यामुळे तो निर्धास्तपणे वापरता येतो.

याउलट 'सेरेंडिपिटी' हा शब्द प्रेमळ पत्रात जन्मला. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉलपोलने फ्लॉरेन्समधल्या ब्रिटिश वकिलातीतल्या होरेस मॅनला तो लिहिला. (होरेस नावाच्या माणसांचे या प्रकरणात फारच चालते.) सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची फार्सी कथा वॉलपोलने वाचली होती. ते राजपुत्र प्रवासात एक शोधायला जात आणि चतुराईमुळे दुसरेच मौल्यवान काही गवसे. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, अरबी 'सरनदीब', त्याच्या मुळाशी आपले सिंहलद्वीप. शब्द पत्रातच पडून राहिला. ती पत्रे १८३३ मध्ये छापली गेली, तरी कोणी ढुंकून पाहिले नाही. १८७५ च्या सुमारास जुन्या पुस्तकांचे शौकीन तो वापरू लागले, कारण रद्दीत रत्न सापडण्याचा अनुभव त्यांना नित्याचा. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांना तो लागला. फ्लेमिंगला १९२८ मध्ये बशीतल्या बुरशीमुळे पेनिसिलिन गवसले, अशा घटनेला नाव हवेच होते. शब्द पावणेदोनशे वर्षे तयार होता. गरज उशिरा आली.

'पेट्रिकोर'ला इतके थांबावे लागले नाही. इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा शब्द मांडला. कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेले तेल पहिल्या पावसाच्या ओलाव्याने मोकळे होते, त्या वासाचे हे नाव. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे खडक आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या धमन्यांतून रक्ताऐवजी वाहणारा रस. हा वास उत्तर प्रदेशातले अत्तरवाले आधीपासून मातीच्या अत्तरात धरून विकत होते, याची दखल त्या निबंधातही आहे. विंदा करंदीकरांच्या 'मृद्गंध' या संग्रहावर साल आहे १९५४. म्हणजे नुसत्या नावाचा प्रश्न असता, तर दहा वर्षे आधी इथे विचारता आले असते.

लांबीचेच म्हणाल, तर शशी थरूर यांच्यामुळे 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' आपल्याकडे २०१८ मध्ये घरोघर पोहोचला. इंग्रजीत २९ अक्षरे, आणि विल्यम शेन्स्टन या कवीच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. लॅटिन व्याकरणाच्या शालेय पुस्तकात क्षुल्लक किमतीसाठीचे शब्द एका ओळीत पाठ करायला असत. लोकरीचा पुंजका, टरफल, शून्य, केस. कोणीतरी खोडकराने चौघांना एका दोरीत ओवले. अर्थ, कस्पटासमान लेखणे. आपले काम एका कस्पटात भागते. थरूर यांचाच २०१७ मधला 'फॅरागो' मला जास्त उपयोगी वाटतो. मूळ अर्थ गुरांपुढे टाकायचे मिश्र धान्य-वैरण, आताचा अर्थ खऱ्याखोट्याची भेसळ. त्यांनी तो वापरला त्या दिवशी कोशाच्या संकेतस्थळावर हा शब्द शोधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. ४५ अक्षरांचा फुप्फुसाच्या आजाराचा शब्द मात्र सोडून द्यावा. तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षाने लांबीसाठीच बनवला. डॉक्टर त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात.

काही शब्द दुर्मीळ असतात ते निव्वळ वस्तूकडे कोणाचे लक्ष नसते म्हणून. बुटाच्या लेसच्या टोकाचे प्लॅस्टिकचे वेष्टन म्हणजे 'अॅग्लेट', पेन्सिलीवर खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी म्हणजे 'फेरूल', नखाच्या मुळाशी दिसणारी पांढरी चंद्रकोर म्हणजे 'ल्युन्युला'. यात पांडित्य काही नाही. लेस बनवणाऱ्या कारखान्यात अॅग्लेट हा शब्द दिवसातून शंभरदा येत असेल.

आणि काही शब्द माणसांबरोबर बोटीत बसून परत गेले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६ चा कोश अँग्लो-इंडियन बोलीचा आहे. त्यात मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबांना 'डक' म्हणत असल्याची नोंद आहे. मद्रासचे ते 'मल', मिळगुतण्णीवरून, म्हणजे मिरीच्या साराव‍रून. बंगालचे ते 'क्वाय-हाय', कारण नोकराला हाक मारताना ते 'कोई है' असे ओरडत. मुंबईचे साहेब डक का, तर सुक्या बोंबलांना इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणत. नव्याने बोटीतून उतरलेला अननुभवी साहेब म्हणजे 'ग्रिफिन'. इलाखे गेले, साहेब गेले, हे शब्दही गेले. बोंबलाचे नाव तेवढे राहिले, कारण मासा राहिला.

या गर्दीतून एक मराठी शब्द मात्र इंग्रजीत कायमचा घुसला. मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रवासवर्णनांतून तो 'मंगूस' होऊन गेला, शेवट 'गूस'सारखा लिहिला जाऊ लागला, आणि १८९४ मध्ये किपलिंगच्या रिकी-टिकी-टावी या मुंगसाने त्याला पोराबाळांच्या खोलीत नेऊन बसवला. 'गूस' म्हणजे हंस, त्याचे अनेकवचन 'गीस'. मग दोन मुंगसे दिसली तर 'मंगीस' म्हणायचे का, या पेचात इंग्रज अजून आहेत. हंसाशी या प्राण्याचा काडीचाही संबंध नसताना काही कोशांनी 'मंगीस' हे रूपही देऊन ठेवले आहे. व्याकरणवाले 'मंगूसेस' म्हणा असे सांगतात.